अध्यक्ष, लष्कर

आमच्या गावाचं नावच लष्कर,
पण अच्युतकाका मुळ्यांनी तोवर
हुकूम सोडले होते ते फक्त कारकुनाला,
तेही स्टँपपेपरावर समास किती सोडायचा याचे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात
मोहल्ला रक्षा समितीला अध्यक्ष हवा होता.
दोन गटांचं जमेना, म्हणून हे झाले.
दंडावर पांढरी पट्टी, गळ्यात काकूचा मफलर,
महाराजपुऱ्याकडून विमान उठलं
की डोळ्यांआधी मान वर.

पहिल्या रात्री सगळी पोरं बाड्यावर उभी केली;
तिथं लोक बघतात, म्हणून.
आणि कंपूच्या अंगाला
एका कुंभाराची भट्टी पहाटेपर्यंत लालभडक, उघडी,
जशी कुणी आभाळाला आपला पत्ता सांगतंय.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून तीन पुस्तकं आली:
वेढे, रसद, तोफखाना.
काकू म्हणाली, गल्लीत तोफ कुठं लावणार?
ते वाचत राहिले, टॉर्चवर निळा कागद लावून.
नकाशा नगरपालिकेचा, नाल्यांचा;
पोरांच्या जागी मसुराचे दाणे,
पाण्याच्या टाक्यांच्या जागी बत्तासे.
(एका रात्रीत दोन टाक्या मुंग्यांनी नेल्या.)

कॅप्टन धायबर कवायत अशी घेत
की रांग सुतात ओवल्यासारखी.
पण निघा म्हटलं की, शिट्ट्या आल्या नाहीत.
शिट्ट्या आल्या, तर बूट.
बूट आले, तर जरा हवा बघू.
काकांनी चार रात्री वाट पाहिली.
पाचव्या सकाळी त्यांना चहा पाजला,
काठी दोन्ही हातांनी परत घेतली
आणि दिली रामसिया गूजरला,
जो दिवेलागणीनंतर शुद्धीत असेलच असं नाही,
पण तीस वर्षं म्हशींमागे अंधारातच चालला होता.
"वकीलसाब, गली पैर से दिखती है."
तक्रारी आल्या, लेखी.
काकांनी त्या फायलीला लावल्या.

दाल बाजारात बारदानाच्या दुकानात टेलिफोन होता.
रात्रभर ते तिथं, पोत्यावर.
आधी निरोप पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचे.
आता ऐकायचे, थांबायचे,
मग विचारायचे, "तुला काय दिसतंय?"
मी तेरा वर्षांचा निरोप्या.
असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

सायकलींचे दिवेही बंद, हा हुकूम त्यांचाच.
बरोबर होता. पुस्तकात बसत होता.
दहाव्या रात्री नई सडकेवर
लल्ला कुशवाह उभ्या ट्रकवर गेला.
विमान त्या रात्री आलंच नाही.

तासाभरात हुकूम बदलला:
मडगार्डला चुना, घंटी वाजवत जा.
खाली सही, आणि सहीखाली, "आधीची चूक माझी."
मग लल्लाच्या आईला चिठ्ठी लिहायला बसले.
दिवसाला वीस दस्त लिहिणारा माणूस,
उजाडेपर्यंत दीड ओळ.
ती घेऊन स्वतः गेले. तिला वाचता येत नव्हतं.
त्यांनी वाचून दाखवली असणार.
मी दाराबाहेर दोन सायकली धरून उभा होतो.

सतराला दिवे लागले, फटाके फुटले.
धायबरांचं भाषण झालं; चांगलं झालं.
काका दुसऱ्या दिवशी कोर्टात.

पुढे कितीतरी वर्षं
पानाच्या ठेल्यावर कुणी म्हणालं,
आता एकदा युद्ध होऊनच जाऊ दे,
की ते खिशात हात घालत,
दोन बोटांत काहीतरी फिरवत,
मसूरच असावा,
आणि अगदी हळू विचारत,
"सायकलवर कोण असेल?"