पुढे चाल

सोमवारी पहाटे, बर्फ उपसणारी गाडी चौकात घरघरत असते तेव्हा
मी शिडी उघडते आणि फळ्यावर रेघा ओढते.
डावीकडे बारा रेघा,
उजवीकडे एकच, तिच्यापुढे कोरी जागा.
पट्टी वडिलांची, ॲन्सेल ब्रेकनची. रंगाचा डबा नवा.
हात थोडा कापतो हल्ली,
पण वरच्या रांगेतून कुणाला दिसतं?

पहिल्या वर्षी चारच संघ होते.
एकावन्न साल, नॅशनल गार्डचं जुनं कोठार,
कोपऱ्यात ताडपत्रीखाली दोन तोफा,
जमिनीला डिझेलचा वास,
आणि छत इतकं ठेंगणं
की लांबून फेकलेला चेंडू तुळईला आपटून खाली यायचा.
तो खेळात धरायचा की नाही, यावर भांडण पेटलं.
बिशपनं निकाल दिला : धरायचा.
बिशपचाच संघ हरला.

त्याआधी सगळं साखळीतच ठरायचं :
हिवाळाभर ज्याचे विजय जास्त, तो अजिंक्य.
वाण्याच्या वहीसारखा सरळ हिशेब.
मग कुणीतरी म्हणालं, मार्चमध्ये इथं असतं तरी काय?
चिखल. अर्धी वितळलेली नदी.
एकमेकांची तोंडं बघून विटलेली माणसं.
सगळ्यांना एका छपराखाली आणू,
आणि हरेल तो घरी.

हरेल तो घरी. नियम एवढाच.
बाकीची ठिगळं.
सहा संघ झाले, आठ झाले, बारा झाले;
पहिल्या चार मानांकितांना पुढे चाल,
ते बुधवारी हॉटेलात पाय वर करून सामने बघतात.
उरलेल्या आठांना चार दिवसांत चार विजय,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून, बसमध्ये डुलक्या काढत.
एकदा बाराव्यानं ते करून दाखवलं,
जादा वेळेत, दोन फ्री थ्रोंवर.
आणि हिवाळाभर चोवीस सामने जिंकलेला संघ
शुक्रवारी संध्याकाळी बॅगा भरत होता.
राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट एकच,
ते मागचे विजय विचारत नाही.

अठ्ठावन्न साली मी सहा वर्षांची.
सेंट ऑडा कॉलेजचा ल्यूथर डॅबनी
आमच्या स्वयंपाकघरात झोपला,
कारण नदीवरच्या हॉटेलात त्याच्यासाठी खोली नव्हती.
बाकी अकरा जणांसाठी होती.
खाट तोकडी, म्हणून पायांखाली पिठाचं पिंप.
रात्री वडील टेबलावर फळ्याचा नकाशा आखत होते.
त्यानं बराच वेळ पाहिलं, मग विचारलं,
"ही पुढे चाल कुणाला द्यायची, ते कोण ठरवतं?"
वडील म्हणाले, "साखळीतले गुण."
तो म्हणाला, "इथलं नाही विचारत."
वडिलांनी ब्रश धुतला.
स्वच्छ झाला, तरी धूतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकतीस गुण केले आणि सेंट ऑडा हरलं.
मी घरी रडले. मला पिंप परत जागेवर ठेवायचं नव्हतं.

सेंट ऑडा डिसेंबरात बंद पडलं.
विद्यार्थी एकशे ऐंशी उरले होते, छत गळत होतं.
सामन्यांचं वेळापत्रक तोवर छापून झालेलं.
काल कॉन्फरन्सच्या ऑफिसातून मुलगी बोलली, आवाज गोड :
"मिसेस टॅलमन, बारावी रेघ काढू नका,
पाचव्याला सरळ पुढे चाल द्या."
मी बरं म्हणाले.

आता शिडीवर उभी आहे.
अकरा नावं लिहून झाली.
पाचव्याच्या समोर मी रेघ ओढली,
नाव लिहिलं नाही,
पण रेघ ओढली, इतरांइतकीच लांब.
बुधवारी कुणी पोर विचारील, ही कुणाची?
बघू, तेव्हा काय सुचतं.

डब्यावर लिहिलंय, रंग वाळायला चाळीस मिनिटं लागतात.
एका सामन्याइतकी.
मी खाली बसून वाट बघते.