उलगडलेली मोटार

याकूब मिस्त्रींच्या दुकानात बाकाखाली
जळक्या मोटारी पोटं उघडून पडलेल्या.
व्हार्निशचा वास मोंढ्याच्या कोपऱ्यापासूनच लागतो,
मग सरकीचा, मग उन्हाचा; जालन्यात उन्हालाही वास असतो.

मी विचारलं, मिस्त्री, ही मोटार एका बाजूनं कापली
आणि चटईसारखी जमिनीवर अंथरली तर?
त्यांनी पाना खाली ठेवला.
"फिरायचं ते पळंल मग. सरळ. थांबवायला काय नाही."
पॉलिटेक्निकच्या तीन वर्षांत
एवढ्या कमी शब्दांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पावतीच्या मागं चंद्र काढला, वाटीएवढा.
इथून नाही, म्हटलं, इथं हवा आडवी येते,
त्या वेगाला साधी झुळूक म्हणजे भिंत.
तिथं हवाच नाही, वजनही सहावा हिस्सा.
सेकंदाला अडीच किलोमीटर दिले
की माल चंद्राचा राहत नाही.
शंभर पट भार अंगावर घेत तीन किलोमीटर पळायचं,
म्हणजे इथून मोती तलावाच्याही पुढे
नुसती गुंडाळीमागे गुंडाळी,
आणि सगळी धाव अडीच सेकंदांची.
पुढचे आठ-नऊ महिने मंगळापर्यंत
इंजिन नाही, डिझेल नाही, फक्त पडत राहणं.

"माणूस?"
माणसाची चटणी होईल.
"ज्वारी?"
डब्यात गच्च भरली तर ज्वारीला काही होत नाही.
"मंग ठीक," म्हणत त्यांनी चहा सांगितला,
जणू बाहेर गाडी भरायला लागलीच आहे.

पाइप पीव्हीसीचा, अर्ध्या इंचाचा. त्यावर पाच गुंडाळ्या,
बावीस गेजची तार, प्रत्येकी तीनशे वेढे.
मिस्त्रींचा अंगठा मोजतो, ओठ नुसते हलतात,
मध्ये गिऱ्हाईक आलं तरी आकडा सांडत नाही.
कपॅसिटर जुन्या वेल्डिंग मशीनचे.
माल: रोलिंग मिलच्या भंगारातला तीन इंची खिळा.

पहिल्यांदा खिळा आत शिरला
आणि बाहेरच येईना.
कान लावला तर मधल्या गुंडाळीत
पुढं-मागं, पुढं-मागं, मग गप.
मी जोडण्या तपासल्या, व्होल्टेज वाढवलं, पुन्हा तेच.
मिस्त्री मीटरकडे बघतच नव्हते.
"ओढतीय ना ती? मधोमध आला की सोडाय पाहिजे.
ही सोडंच ना. पुढं निघालेल्याला मागं खेचतीय."

खरं होतं. गुंडाळी लोखंडाला ढकलत नाही, फक्त ओढते,
आणि बटण मेल्यावरही
तारेत थोडा वेळ जीव राहतो.
त्या थोड्या वेळासाठी माझी दीड वही भरली.
दर गुंडाळीआधी एक लाल डोळा बसवला:
खिळ्यानं तो झाकला
की पुढची जागी, मागची मेलेली.

तेराव्या दिवशी, लाइट जायच्या आत,
खिळा दिसलाच नाही.
फट्.
समोरच्या सरकीच्या पोत्याला भोक.
हात घालून काढला तर कोमट होता.

मी वेग मोजत बसले. आवाजाच्या जेमतेम दहावा हिस्सा.
अजून सत्तर पट पाहिजे,
आणि सत्तर पट वेग मागितला
तर वीज पाच हजार पट मागते. महावितरण काय म्हणेल?
मी हसले. मिस्त्री हसले नाहीत,
ते बाकापाशी वाकले होते.
पाइपच्या मागच्या टोकाशी त्यांनी आधीच खडूची रेघ मारलेली,
कामून, ते मला विचारायचं सुचलं नव्हतं.
पाइप रेघेच्या मागं दोन सूत सरकला होता.

"चंद्र बी सरकंल की."
सरकेल, म्हटलं. मोजता येणार नाही इतका.
"पण तुम्ही रोज पाठवणार ना?"

त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाइप रेघेवर परत आणला,
डोळा बारीक करून बघितला, अजून एक केसभर ढकलला.
"ह्याला मी आणलं. त्याला कोण आणंल?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता,
पाच एचपीची मोटार घेऊन,
तिचंही पोट जळलेलं.