पोटहिस्सा

रात्रीचे पावणेदोन. बावधनच्या लॅबमधला एसी
मशीनसाठी लावलाय, माणसांसाठी नाही.
मी कानटोपी घालून बसले आहे.
बागवान चौथ्या स्लॉटमध्ये कार्ड सरकवतो,
मशीन चालू असतानाच.
टक्.
हिरवा दिवा. मग पिवळा. मग पिवळाच.

लॉगमध्ये एक ओळ येते: जागा नाही.

नव्या कार्डाला त्याची भूक विचारायची एक रीत आहे.
त्याच्या रजिस्टरात सगळे एक लिहायचे
आणि लगेच परत वाचायचं.
जे बिट हट्टाने शून्यच राहतात
त्यांच्यावरून कळतं, किती वाढायचं.
या कार्डाला हवेत दोनशे छप्पन्न एमबी, सलग,
आणि सुरुवातही त्याच मापाच्या बांधावरून.
अर्धं इथे, अर्धं ओढ्यापलीकडे, हे चालत नाही त्याला.

ब्रिजच्या मागे, चौथ्या स्लॉटच्या नावाने,
मशीन उठताना राखून ठेवले होते
दोन.

"शेजाऱ्यांना हलवू या?" बागवान विचारतो.
शेजारी म्हणजे एक नेटवर्क कार्ड, दोन डिस्क.
तिघंही कामात, तिघांचे पत्ते ड्रायव्हरांना तोंडपाठ.
त्यांना थांबवा, उठवा, पुढे सरकवा, नवे पत्ते शिकवा:
वाढप सुरू झाल्यावर पंगतीला
"जरा सरकून घ्या" म्हणण्यासारखं.
कुणाचं तरी वरण सांडतंच.

माझे वडील हवेली तालुक्यात मोजणीदार होते.
त्यांच्या जगात नंबर संपत नसे, फुटत असे.
सतराचा सतरा/तीन, त्याचा सतरा/तीन/ब,
भाऊ जसे वेगळे निघतील तसे पोटहिस्से.
धायरीतला आमचा फ्लॅट तसल्याच एका ब-वर उभा आहे,
फ्लॅटपेक्षा पत्ता मोठा.
मी त्यांना एकदा सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता,
की आमच्याकडे पोटहिस्सा पडत नाही,
पहिल्या दिवशी ठेवली तेवढीच खिडकी.
"मग पहिल्या दिवशी मोजणारा शहाणा पाहिजे," ते म्हणाले.
मग बराच वेळ गवारीच्या शिरा काढत राहिले.
"आणि तो कुठे भेटतो?"

तर मी पहिल्या दिवसाकडे परत जाते. रीबूट.
बूटच्या ओळीत लिहिते:
रिकाम्या स्लॉटमागे पाचशे बारा राखा.
कुणासाठी, ते लिहायला जागा नसते.
येईल त्याच्यासाठी. न येणाऱ्यासाठीही.
तोवर तो पट्टा पडून,
ना शेती, ना एन.ए.

टक्. हिरवा. हिरवाच.
पत्ता मिळाला, ड्रायव्हरने हाक मारली, ओ आली.
बागवान चहाला निघतो
आणि जाता जाता, न सांगता, कार्ड उपसून घेतो.
टेस्टच आहे ती. चिडता येत नाही.

ड्रायव्हर अजून त्या पत्त्यावर वाचतोय
आणि उत्तर येतंय
एक एक एक एक एक एक एक एक
म्हणजे भूक विचारताना आपण लिहिलं होतं तेच.
घरात कुणी नाही, हे सांगायला
या तारांकडे वेगळा शब्द नाही.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येतं.
तो आवरतं घेतो, नाव पुसतो.
खिडकी मात्र तशीच राहते, पाचशे बाराची,
शेजारी कुणी तिच्यात पाय पसरत नाही.
मी रिपोर्टमध्ये "पास" लिहिते.
कानटोपी काढते. बाहेर उजाडलंय.

साडेआठला कुरियरवाल्याचा फोन:
मॅडम, सतरा/तीन/ब सापडत नाहीये.
जुन्या जकात नाक्यापाशी ये, मी म्हणते.
कुठाय नाका?
नाहीये. कधीच पाडला.
पण विचार कुणालाही, सांगतील.