श्वास भरभर चालत होता का

दिघ्याला शेअर रिक्षा सोडली
आणि इलठणपाड्याची चढण धरली.
पिशवीत सोळा पानांचा फॉर्म, दोन पेनं, बिस्किटांचा पुडा.
पुडा नियमात बसत नाही.

दुरगव्वा दारातच होती, पापण्यांवर खडीची पांढरी भुकटी.
'गेल्यावर आलीस होय,' म्हणाली,
आणि बसायला गोणपाट झटकून दिलं.

मृताचं नाव.
बारसं गावाला नेऊन करायचं होतं, यल्लप्पाला सुट्टी मिळाली की.
सूचना क्रमांक चार : नाव नसल्यास 'बाळ' लिहावे.
लिहिलं.

कधी वारलं?
'क्रशरचा पट्टा तुटला, त्या आठवड्यात. काम बंद होतं.
म्हणून तर घरी होते मी.'
तारखा जुळवायला आम्हाला एक तक्ता दिलाय,
त्यात गणपती आहेत, ईद आहे, गावदेवीची जत्रा आहे.
पट्टा तुटणं नाही.

जन्माचं वजन?
कळव्याच्या दवाखान्यात केलं होतं, ती चिठ्ठी भिजली.
'रेशनची दोन किलो साखर असते ना, तेवढा.'
मग थांबली, स्वतःशीच हिशेब केला.
'नाही, जास्त. साखर मी एका हाताने उचलते.
त्याला दोन्ही हात लावायचे.'

काय झालं होतं, तुमच्या शब्दांत सांगा.
'डब्बा.'
फॉर्ममध्ये डब्बा नाही.
न्यूमोनिया आहे, अतिसार आहे, गोवर, मेंदूज्वर,
बुडून, भाजून, साप चावून,
आणि शेवटी 'इतर', पुढे अर्धी ओळ कोरी.
मी कोऱ्या ओळीत डब्बा लिहिलं
आणि पोटावरच्या बिब्ब्याच्या डागांसाठी
समासात जागा केली.

खोकला होता का?
दुरगव्वा आठवत राहिली.
कोपऱ्यातून तिच्या थोरलीने, सहा वर्षांच्या पारूने,
खोकून दाखवलं.
कोरडा, आखूड, शेवटी एक बारीक शिट्टी.
आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.
माहिती देणाऱ्याचे मृताशी नाते :
आई, वडील, आजी, शेजारी.
पारूला कुठेही टिचकी मारता येईना.

'हे कागद कुठं जातात?'
दोन डॉक्टर वाचतात, एकमेकांना न विचारता.
त्यांचं जमलं नाही तर तिसरा.
मग असे हजारो एकत्र करून अंदाज काढतात,
कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी.
हे सगळं मी तिला सांगितलं.
त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत
तुझं पोर असेल, हे नाही सांगितलं.

'कळलं की सांगायला येशील?'
मी मान हलवली.
हो, नाही, की माहीत नाही,
ते माझं मलाच कळलं नाही.

प्रश्न चौतीस. श्वास भरभर चालत होता का?
'पोट उडत होतं.'
किती भरभर?
हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही, मीच विचारला.
तिने तळहात मांडीवर ठेवला
आणि थापटू लागली.
मी घड्याळ वर केलं.
सहासष्ट.
परत दाखव म्हटलं. चोपन्न.
सरासरी साठ, हे डोक्यात आपोआप झालं,
आणि त्याची मला लाज वाटली,
आणि आकडा बरोबरही वाटला.
रकान्यात आकड्याला जागा नव्हती.
'हो'वर टिचकी मारली.

'झालं,' म्हटलं, 'बास.'
पेनाला टोपण लावलं, पान उलटलं.

खाली कुठेतरी क्रशर सुरू झाला, घरातली भांडी हलली,
पारूने बिस्किटाचा पुडा उघडला.
दुरगव्वा रस्त्याकडे बघत होती.
तिचा हात अजून मांडीवर चालू होता,
आधी तसाच, मग सावकाश,
मग मध्ये एक थाप चुकवून.

मी घड्याळाकडे बघितलं नाही.