ओट्यासमोर

तू हर्षलाच्या बाळंतपणाला गेलीस
आणि चहा माझ्याकडे आला.
दूध तापेपर्यंत बघायचं कुठे?
समोर खिडकी. पलीकडे ढाक्यांची केळी,
पानं फाटलेली, कडेकडेने करपलेली.
चोपड्यात आज चव्वेचाळीस.

सातभाई आले. मोजले, तर नऊ.
नऊही एकदम बोलले
आणि ग्रामसभेसारखे
ठराव न करताच उठले.
खार गजापर्यंत आली,
मला पाहून थबकली : हा कोण?

चौतीस वर्षं या खिडकीशी
तू मला पाठमोरी दिसलीस.
काय दखी ऱ्हायनी व, एवढंही विचारलं नाही.
वाटायचं, भांडी घासतेय.

काल दुधाचा हिशेब करायला कॅलेंडर काढलं.
दीड. दीड. खाडा. दीड.
शेजारी पेन्सिलीने, बारीक :
मुंगूस, दोन पिलं.
शिंजीर परत. घरटं कपड्याच्या तारेला.
दूधवाला म्हणाला, काका, मार्चात माझा एकही खाडा नाही.

रात्री फोन. बाळ, टाके, कावीळ, सगळं झालं.
मग आवाज खाली आणून तू :
पाणी ठेवता ना बाहेर? परळात.
वाटी कलंडते.
हो, म्हणालो.
आणि बॅटरी घेऊन परळ शोधत बसलो.

आता गॅसवर दूध आहे,
उतू जातंय, वास येतोय.
केळीच्या बुंध्याशी ते
दोन पायांवर उभं राहून
इकडेच बघतंय.
मी हललेलो नाही.