दोन्ही हातांनी

मिठबावच्या काठावर रापण ओढून झाली.
जाळ्यात तारली, थोडे बांगडे, कुणाची तरी एक चप्पल.
मी दोन वाटे घेतले
आणि शंभराची नोट पुढे केली
दोन्ही हातांनी, मान जराशी वाकवून.
येसूकाकी फिसकन हसली,
"देवाक देतंस काय गो?"

कमरेवरच्या पिशवीत नोट गेली.
माझे हात तसेच पुढे राहिले होते.

ऑगस्टात तिकडे उतरले तेव्हा
याच हातांत दोन बॅगा, कोकमाची पुडी,
आणि सही-शिक्क्याचा कागद: परदेशी तज्ज्ञ.
तज्ज्ञाला खोलीतला गिझर लावता येईना.
सात बटणं, सातांवर सात चित्रं, एकही ओळखीचं नाही.
विद्यापीठात इंग्रजीला पहिली आलेली मी
दुकानात मीठ मागू शकले नाही.
खुणा केल्या, साखर मिळाली.
कालवणात घातली. संपवलंही.

शाळेला बहुतेक गोरी बाई हवी होती.
अर्जातल्या फोटोत मी उजळ दिसत होते.
पहिल्या पालकसभेत एक गृहस्थ बराच वेळ बोलले,
आणि शूबाईंनी मला इंग्रजीत सांगितलं,
"ते म्हणतात, आपलं स्वागत आहे."
शूबाईंचे कान लाल झाले होते.

वर्गात तीन ॲपल, दोन रॉकी,
आणि शेवटच्या बाकावर एक मंडे.
सगळे त्याच्या नावाला हसायचे.
मी विचारलं, हेच का निवडलंस?
म्हणाला, सोमवारी जन्मलो.
मग फळ्याकडे वळून मी एकटीच हसले,
आमच्या वाडीत सोमा आहे, बुधाजी आहे,
शुक्राजीचं तर किराणा दुकान आहे.
कुणीच त्यांना हसत नाही.

त्यांची भाषा मात्र लागेना.
शूबाई हवेत हात फिरवायच्या,
हा सूर सपाट, हा चढता,
हा खाली जाऊन वर येणारा, हा तुटून पडणारा.
मी हाताकडे बघायची आणि शब्द निसटायचा.
एका रविवारी आयेचा फोन आला.
चुलीशी असताना तिचा "गो" सपाट.
"जेवलंस गो?" चढत गेलेला.
मी बरी आहे म्हटलं, तर तिला खरं वाटेना,
तो "गो" विहिरीत उतरून कळशीसारखा वर आला.
आणि शेवटी, पैसे बघून, "ठेव गो" तुटला.
चारही सूर. चारही माझ्या घरचे.
सोमवारी बाजारात मीठ मागितलं
आणि मीठच मिळालं.
बाईने पुडी दिली, दोन्ही हातांनी.

तिकडेही समुद्र आहे. बांबूवर सुकणारी मासळी,
नाकाला तर आपलाच गाव वाटतो.
फक्त तिसऱ्या आल्यात शिजवतात,
आणि मी खोबरं शोधत बसते.

आता नवीन वर्षाची त्यांची सुट्टी, म्हणून इथे.
कलमांना मोहोर आहे, वारा मतलई.
माझ्या बाटलीत गरम पाणी.
आये कपाळाला हात लावून बघते,
"ताप इलो काय तुका?"
दुपारी जेवून वर्गातल्यासारखी
डोकं हातावर टेकून झोपले मेजावर,
तर बाबा शेजाऱ्याला हळूच म्हणाले, थकली हा पोर.
मी थकले नव्हते.

संध्याकाळी आये आडाळ्यावर तारली करत होती.
मंडेचा आवाज आला फोनवर, इंग्रजीत, दमून दमून:
मिस, खूप थंडी आहे.
आजीने तुमच्यासाठी सुकी मासळी ठेवली आहे.
तुम्ही कधी येणार?

आयेला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नाही.
खवल्यांचे हात तसेच अधांतरी धरून ती ऐकत राहिली,
शेवटच्या शब्दावर तो जसा लांबत गेला, तिथे तिची मान हलली.
"ह्यो कोण गो? तांबळडेगेतलो काय?
हेल आपलोच दिसता."

मग म्हणाली,
"परत लाय बघूया."