तात

कामठा जक्काप्पा चुलत्याचा. मेशीचा बांबू,
चुलीवरच्या माळ्यात बारा वर्षं धूर पिऊन काळा पडलेला.
मूठ जिथं धरायची तिथं अजून घामाची चकाकी.
दोरी तेवढी नव्हती. उंदरांनी खाल्ली.

म्हणून कोल्हापुरात उतरलो,
दस्तगीर नदाफाचं दुकान विचारत विचारत.
कापूस आता कुणी पिंजून घेत नाही,
म्हातारा फोमच्या गाद्या विकत बसलेला.
खुंटीवरची धनुकली त्यानं काढली, धूळ फुंकली,
तात बोटानं एकदाच छेडली.
आवाज फोममध्ये मुरून गेला.
"बकऱ्याचं आतडं हाय. कशाला पायजे?"
"बकऱ्यालाच."
बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग गाठ सोडली.
पैसे घेतले नाहीत. "सोडताना नाव घे.
तुझ्या देवाचं घे न्हाईतर माझ्या, पर घे."
आणखीही काही सांगत होता,
माझी गगनबावड्याची गाडी लागली होती.

एडका आमचाच.
कोकणातून कळप वर चढवताना
करूळच्या घाटात धुक्यानं गिळला.
त्याच रात्री आप्पांनी काठीवरची एक खाच
सुरीनं खरवडून टाकली.
तीन वर्षांनी गवळी सांगत आले:
सड्यावर लोकरीचा ढीग फिरतोय,
कुत्री शिंगावर घेतोय.
शिमग्यात दोन बकरी त्याच्या मागं गेली ती गेलीच.
"त्यो आता रानाचा झाला," आप्पा म्हणाले.
दुसरं काही म्हणाले नाहीत.

दोन दिवस नुसती लेंडकं सापडली
आणि करवंदीच्या काट्याला ही एवढी लोकर,
बाहेरून मातकट, उसवली तर आत पांढरी.
तिसऱ्या दिवशी तो कड्याच्या कडेला दिसला.

वारा कोकणातून कडा चढून येतो,
म्हणून मी देशाकडून सरकत होतो,
कोपरांवर, कातळ सोलत,
अंगावर भिजलेलं घोंगडं.
मध्येच वारा फिरला.
मी श्वास धरला, गेला म्हटलं.
त्यानं मान वर केली. नाकपुड्या हलल्या.
आणि माझ्याकडं दोन पावलं आला.

घोंगड्याचा वास. त्याच्या आईची लोकर असेल त्यात,
त्याचीही असेल, पहिल्या कातरणीची.
आता वीस पावलं. डाव्या कानात
आप्पांनी पाडलेलं भोक,
त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

नाव घ्यायचं होतं.
बिरोबा म्हणालो की नुसतंच ब म्हणालो,
ते आता सांगता येणार नाही.
तात कानापर्यंत ओढली
आणि सोडली तेव्हा
कापूस पिंजल्याचा आवाज झाला, एकदाच.

बाण लागला. लागला म्हणजे
तीन वर्षांच्या लोकरीत शिरला,
चिखल, गोखरू, पाऊस, सगळं बसून
नमद्यासारख्या घट्ट झालेल्या लोकरीत,
आणि तिथंच राहिला.
एडक्यानं गोचीड चावल्यासारखी कातडी थरथरवली,
मागं वळून पिसाऱ्याकडं पाहिलं
आणि चरायला लागला.
मी तसाच पालथा. दुसरा बाण होता. हात नव्हता.

पुढच्या आठवड्यात एस्टीचा कंडक्टर
स्टँडवर हसून सांगत होता,
घाटात एक बकरं आडवं आलं,
कुशीत काडी खोचलेली,
नवरदेवागत ऐटीत रस्ता ओलांडून गेलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.
"बाण किती बुडाला?"
मी बोटानं दाखवलं. वीतभर.
ते मनाशी काही मोजत राहिले,
मग कातर मागितली, धारेवरून अंगठा फिरवला.
"एकटा जाऊ नगंस. धरायला दोघं लागत्याल."

कामठा परत माळ्यात ठेवताना
तात हाताला लागली.
वेलीसारखी लोंबत होती.
धुक्यात आतडं सैल पडतं,
शेकून घेतल्याशिवाय ओढू नये,
नदाफ तेच सांगत होता,
गाडीत पाय ठेवला तेव्हा.